शांतारामरावांना कुणाकडे पाठवायचं?

६ जुलै २०२५
वाडीवरून

चि. रचना,

आशीर्वाद नेहमीचेच, वेगळे लिहीत नाही. तू लग्न करून फुलपाड्याला गेलीस तेव्हापासून आपलं मोकळं बोलणं बंदच झालं. फोन वाजला की तुझे बाबा तो उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि समोर मांडी घालून बसतात. मग आपण दोघी पाऊसपाणी बोलतो आणि ठेवतो. म्हणून कागद काढला. शेजारची ग्रेसी रोज फुलं घेऊन तुमच्या विरारच्या बाजारात येतेच, तिच्या पाटीत हे घालते. बोलायला ती सैल आहे, पण दुसऱ्याचं पत्र उघडणार नाही.

गावाच्या टोकाला नवी इमारत झाली ना, तिच्यात एक गृहस्थ राहायला आलेत. शांतारामराव. गोदीतून निवृत्त झालेले, मूळचे गुहागरकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नाशिकला असतो. सकाळी फिरायला निघतात आणि नेमका आपल्या कुंपणापाशी त्यांच्या चपलेत खडा जातो. तो काढायला वेळ लागतो, तेवढ्यात काहीतरी बोलतात. परवा म्हणाले, "हंसाताई, बाल्कनीत सोनचाफा लावायचाय. एकदा येऊन जागा सांगाल का?" मी म्हटलं, ग्रेसीचा नवरा रुडॉल्फ आहे, त्याला झाडांतलं जास्त कळतं. दिलं तिकडे धाडून. रुडॉल्फने कुंडी, माती, रोप सगळं करून दिलं.

तू ऑफिसात नक्की काय करतेस गं? मागे एका साखरपुड्यात कुणी विचारलं तर मी "कम्प्युटर" म्हणून वेळ मारून नेली. एकदा नीट कळव, मला समजेल असं.

आत्या


९ जुलै २०२५
फुलपाडा

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राला मोगऱ्याचा वास होता आणि आत एक मुंगी होती. दोन्ही पोचले.

माझं काम सांगते. आमचं एक गिऱ्हाईक आहे, मोठा घाऊक व्यापारी. कामणला त्याची दोन गोदामं आहेत. दुकानातला प्रोग्रॅम गोदामातल्या प्रोग्रॅमला विचारतो, "साबणाच्या पेट्या आहेत का?" ही झाली रिक्वेस्ट. ती सरळ गोदामात शिरत नाही. वाटेत एक इंटरसेप्टर उभा असतो. तो रिक्वेस्ट अडवतो, निरखतो, आणि गोदाम बंद असेल तर सांगतो, "इथे नाही, पलीकडे जा." याला फॉरवर्ड करणं म्हणतात. विचारणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला आपलं उत्तर मिळतं. मी दिवसभर खोट्या रिक्वेस्ट पाठवते आणि बघते, त्या योग्य ठिकाणी फॉरवर्ड होतात का, कुणी मध्येच गिळतं का. थोडक्यात, आगाऊपणा करायचा मला पगार मिळतो.

अजून कळलं नसेल तर आरशात बघ. आई गेल्यापासून आपल्या घरात बाबांना कुणी थेट काही विचारलंय? पंप उसना हवा, केळीचा घड हवा, भांडणात साक्ष हवी, सगळे आधी तुझ्यापाशी येतात. तूच ठरवतेस हे बाबांपर्यंत जाऊ द्यायचं, हे रुडॉल्फकडे वळवायचं, हे दारातूनच परत. मी लहानपणापासून इंटरसेप्टर बघत वाढले म्हणून तर मला ही नोकरी लागली.

त्या चपलेतल्या खड्याबद्दल मात्र मला शंका आहे. आपल्या कुंपणाशी तर नुसता चिखल आहे.

तुझी,
रचना


२० जुलै २०२५

चि. रचना,

मला कुणीतरी हुद्दा दिला, बरं वाटलं. आता विचारलं तर सांगेन, मी घरची इंटरसेप्टर आहे, भाचीची कंपनी माझ्यावरून बेतली.

हुद्द्याला साजेसं काम चालू आहे. शांतारामराव स्वयंपाक शिकतायत. डब्यात पडवळाची भाजी घेऊन आले, "जरा चाखून सांगता का, काय कमी आहे?" मी म्हटलं, चवीचं ग्रेसीला विचारा, तिच्या हाताला आणि जिभेला तोड नाही. गेले बिचारे. ग्रेसीने अर्धा डबा संपवला आणि मग सांगितलं की मीठ कमी आहे.

नंतर पडदे निघाले. "घरात उन्हं येतात. वसईला जाऊन पडदे घ्यायचे म्हणतो. रंग कुठला घ्यावा ते कळत नाही. तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल." मी वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर चवळी धूत होते. हात ओले, वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, ग्रेसीला दर शुक्रवारी वसईला जायचंच असतं. ती येईल. तिने त्यांना हिरव्या कापडावर लाल पोपट असलेले पडदे घेऊन दिले. आता खालून जाताना सगळ्या गावाला दिसतात. शांतारामराव म्हणतात, छान आहेत. माणूस सभ्य आहे, एवढं खरं.

तुझी ती खोट्या रिक्वेस्टांची परीक्षा कुठवर आली? आमच्या जावयाला, जितेशला आशीर्वाद. त्याला म्हणावं खोकल्यावर अडुळसा घे, गोळ्या नको.

आत्या


४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

पोपटाचे पडदे ऐकून जितेश हसून हसून पुन्हा खोकायला लागला. अडुळसा चालू आहे.

माझ्याकडे घोळ झालाय. फॉरवर्ड केलेली रिक्वेस्ट नव्या पत्त्यावर निघाली की तिला इंटरसेप्टरसमोरून परत एकदा जावं लागतं. तेव्हा त्याने ओळखायला हवं, की हिला मी एकदा वळवलंय, आता वाट सोडायची. आमचा इंटरसेप्टर ओळखतच नाही. तो तिला पुन्हा वळवतो. पहिलं गोदाम म्हणतं दुसरीकडे जा, दुसरं म्हणतं पहिल्याकडे जा, आणि साबणाची एक पेटी दिवसभर कामणच्या कामणमध्ये हेलपाटे घालते. साहेब म्हणतात, "असं प्रत्यक्षात कधी होणार आहे का?" मी म्हटलं, आमच्या गावाला या.

आता एक साधा प्रश्न, खरं उत्तर दे. शांतारामराव तुला अजून "हंसाताई"च म्हणतात का?

रचना


१२ ऑगस्ट २०२५

चि. रचना,

तू विचारलंस म्हणून लक्षात आलं. ताई म्हणणं सुटलंय खरं. हल्ली नुसतं "अहो" म्हणतात. "अहो, आज चवळी काढलीत का?" "अहो, पाऊस येईलसं वाटतं." गोदीत आयुष्य गेलेला माणूस, सगळ्यांनाच तसं म्हणत असेल. (ग्रेसीला "ग्रेसीबाई" म्हणतात. मी मुद्दाम ऐकलं.)

परवा म्हणाले, "वसईचा किल्ला मी अजून पाहिला नाही. संध्याकाळी कुणी सोबत असेल तर जावं म्हणतो." मी म्हटलं, किल्ल्यातलं भाऊला सगळं ठाऊक आहे. आणि तुझ्या बाबांना धाडलं त्यांच्याबरोबर. दोघे रिक्षाने गेले. दिवे लागले तरी पत्ता नाही. आले ते भाऊ खुशीत. किल्ल्याच्या बुरुजावर बसून दोघांनी गुडघ्याला कुठलं तेल लावावं याची चर्चा केली म्हणे. शांतारामरावांच्या हातात भाऊने दिलेली तेलाची बाटली होती, आणि चेहरा असा, की लग्नाला जावं आणि जेवण संपलेलं असावं.

निघताना त्यांनी एक सांगितलं. मुलगा नाशिकला बोलावतोय, कायमचं. फ्लॅट विकून टाका म्हणतो. दसऱ्याला न्यायला येणार आहे. मी म्हटलं, नाशिकची हवा चांगली आहे.

दुसरं काय म्हणणार होते?

आत्या


१५ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तू बसली असशील तर वाच, उभी असशील तर आधी बस.

चाफ्याची जागा, पडवळाची भाजी, पडदे, किल्ला. या चारही रिक्वेस्ट तुझ्याच नावच्या होत्या गं. दुसऱ्या कुणाकडे वळवायच्या नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रिक्वेस्ट वळवून वळवून तुझा हात इतका बसलाय, की स्वतःच्या नावाची दाराशी आली तरी तू न बघता पलीकडे धाडतेस. त्या माणसाला तू आवडतेस. तो नाशिकला जाणार आहे. आणि तू त्याला माझ्या बापाबरोबर किल्ल्यावर पाठवलंस!

तो गेला तर तुला वाईट वाटेल. "दुसरं काय म्हणणार होते" ही ओळ तू खाली एकटीच सोडली आहेस, त्यावरून मला कळलं. बाबांचं काय होईल असा विचार करत असशील तर करू नकोस. बाबांना दोन हात आहेत. मी मोजलेत.

गणपतीत त्यांना काही लागलं तर स्वतः कर. मी यात काहीही ढवळाढवळ करणार नाही, शपथ.

तुझी,
रचना


५ सप्टेंबर २०२५

रचना,

आशीर्वाद आज दिलेले नाहीत.

गणपतीच्या सकाळी शांतारामराव उकडीचं पातेलं घेऊन आले. मोदक वळता येत नाहीत, पाऱ्या फाटतात. मी म्हटलं, ग्रेसीच्या हाताला वळण आहे, तिच्याकडे जा. ते गेले आणि पाचच मिनिटांत पातेल्यासकट परत. ग्रेसीने सांगितलं होतं, "आमी नाताळच्या करंज्यावाल्या, मोदक हंसाच करनार." मी म्हटलं, मग रुडॉल्फला सांगा, त्याने कुठल्यातरी केटरिंगमध्ये काम केलंय. परत आले. रुडॉल्फ म्हणाला, "माजा हात दुकतो, हंसाला विचारा." मी पुन्हा ग्रेसीकडे. ग्रेसीने पुन्हा माझ्याकडे. दोन्ही घरांच्या मधली ती चिखलाची वाट त्या माणसाने नवं धोतर सावरत इतक्यांदा तुडवली, की शेवटी लोक खिडकीत येऊन बसले. उकडीचा दगड झाला. तुझ्या बाबांनी ओट्यावरून विचारलं, "हा मानूस पातेलं विकतोय काय?"

शेवटी मोदक मीच वळले, नवी उकड काढून. ते गेल्यावर ग्रेसीला कोपऱ्यात घेतलं. ती लगेच फुटली. "रचनानं बाजारात येऊन सांगितलं, हंसानं कोनाला पाटवला तरी परत तिच्याकडंच धाडायचा." ही तुझी शपथ!

आता नीट ऐक. तुला वाटतं आत्याला काही कळत नव्हतं? खडा चपलेत जात नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. टेस्ट काय तू एकटीच करतेस?

मला बघायचं होतं, या माणसाला मी हवी आहे की स्वयंपाकीण हवी आहे. एकटा पुरुष, साठी उलटलेली, घरात कुणी नाही. अशा माणसाला जो हात काम करून देईल तो हात आवडतो. म्हणून मी त्याचं प्रत्येक काम दुसऱ्याकडून करून दिलं. रोप रुडॉल्फने लावलं. दुसऱ्या दिवशी बघितलं, येतो का. आला. भाजी ग्रेसीने चाखली, तरी आला. पडदे लागले, तेही पोपटाचे, तरी आला. भाऊबरोबर संध्याकाळ काढूनसुद्धा सकाळी कुंपणाशी हजर! मला वाटलं, अजून एक-दोनदा बघू, मग मी माझ्या मनाशी हो म्हणेन. तुला सगळं इतकं सविस्तर का लिहीत होते? कुणालातरी सांगायचं होतं म्हणून.

आणि तू सगळ्यांना पढवून ठेवलंस. आता तो दाराशी आला तर स्वतः आला की तुम्ही ढकलला, मला कसं कळायचं? माझी टेस्ट तू नासवलीस. दसरा तोंडावर आलाय आणि मला काहीच कळेनासं झालंय. मला भीती वाटते, रचना. या वयात चूक झाली तर ती निस्तरायला वेळ उरत नाही.

आत्या


८ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

माझं नाक कापून फुलांच्या पाटीत ठेव. मी चुकले. शपथही खोटी घेतली. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही: ज्याची परीक्षा घ्यायची त्याला बाहेरून उत्तर पुरवायचं. मी इतरांना यावरून बोलते.

पण रागावर पाणी घालून एकदा हिशेब बघ. मी ग्रेसीशी बोलले ते स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीनंतर. त्याआधी चारदा तो आपल्या पायांनी आला, तेव्हा वाडीवरचं मला फक्त पत्रातली मुंगी भेटली होती. ते चारही निकाल खरे आहेत. फक्त मोदकांचा बाद धर.

तरी खात्री हवी असेल तर एक जागा अशी उरली आहे, जिथे मी कुणाला काही पढवलेलं नाही. बाबा. त्यांना पढवायची हिंमत मला या जन्मात होणार नाही. शांतारामरावांना बाबांकडे पाठव आणि बघ काय होतं. मी ग्रेसी आणि रुडॉल्फला सांगितलंय की आता तोंडाला कुलूप. ग्रेसीच्या कुलपाची हमी देत नाही.

कामणचं माझं सुधारलं. एकदा वळवलेली रिक्वेस्ट पुन्हा समोर आली की इंटरसेप्टर आता बाजूला होतो. तुला शिकवत नाही, नुसतं कळवते.

आत्या, तू मला वाढवलंस तेव्हा तुझं वय माझ्या आताच्या वयाएवढं होतं. तेव्हा तुला कुणी काही विचारलं नाही. आता कुणी विचारतंय तर मला फार वाटतं, तू ऐकावंस.

तुझी लाजलेली,
रचना


२३ सप्टेंबर २०२५

चि. रचना,

आशीर्वाद परत चालू केलेत.

पितृपक्षात असले विषय काढत नाहीत म्हणून घट बसेपर्यंत थांबले. ते बिचारे मधले दिवस रोज येत होते आणि नुसता पाऊस बोलत होते. काल सकाळी मी घटासाठी तगर खुडत होते. आले. यावेळी चपलेकडे वाकले नाहीत. कुंपणाला हात धरून म्हणाले, "अहो, मुलाला उत्तर द्यायचंय. मी नाशिकला जाऊ का?"

मी ठरवल्याप्रमाणे म्हटलं, "भाऊ ओट्यावर बसलाय. त्याला विचारा."

ते हलले नाहीत. म्हणाले, "भाऊंना काय विचारू? मला भाऊंबरोबर संसार करायचा नाही."

मग पुढेही तेच बोलत राहिले, आणि इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही धाडाल तिकडे मी जात होतो, कारण परत येऊन काय झालं ते तुम्हाला सांगता यायचं. आता माझं एकही काम उरलेलं नाही. वरणभात मला येतो, कपडे मी धुतो, चाफ्यालाही कळी आलीय. मला कुणी करून घालणारं नकोय. संध्याकाळी आपण दोघांनी चहा प्यावा, एवढंच हवंय. तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, पण तुमच्या तोंडानं म्हणा. दुसऱ्या कुणाकडे आता मी जाणार नाही."

रचना, मला आजवर लोकांनी किती काय मागितलं. भाऊचा पंप, भाऊची सही, वाडीतली केळी, तुझी फी, वेळेवर जेवण. मी कधी कुणाला कमी पडू दिलं नाही. पण मला कुणी मागितलं नव्हतं. ते ऐकून मला आनंद झाला आणि रागही आला, की इतका उशीर का.

मी म्हटलं, "जाऊ नका नाशिकला."

तेवढ्यात भाऊ ओट्यावरून ओरडला, "हंसा, कोन हाय?" मी नेहमी म्हणते, तुझ्याकडे आलेत, किंवा कुणी नाही. काल म्हटलं, "माझ्याकडे आलेत, भाऊ." आणि फाटक उघडून त्यांना आत घेतलं. ओट्यावर बसवलं आणि भाऊसमोरच सांगितलं, की दसऱ्याला यांचा मुलगा येईल, त्याच्या देखत आम्ही नोंदणीचं ठरवणार आहोत. लग्न झालं की मी गावाच्या टोकाला राहणार. सकाळी वाडीत येईन, कारण वाडी माझीही आहे. संध्याकाळी मात्र मिळणार नाही.

भाऊने पान लावलं, खाल्लं, पिंक टाकली. शांतारामराव उठून गेले तरी बोलला नाही. दुपारी जेवला, तेव्हाही नाही. मला वाटलं, आता महिनाभर अबोला. मी मागे भांडी घासत बसले आणि मनात म्हटलं, असू दे, मी शब्द मागे घेणार नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात डबे वाजले. मांजर असेल म्हणून गेले तर तुझे बाबा उभे. एका हातात कुकर, दुसऱ्या हातात तांदळाचं भांडं. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पानी किती घालायचं?"

मला रडू फुटलं. ते तसेच भांडं धरून उभे राहिले. मग मी डोळे पुसले आणि सांगितलं, दुप्पट.

आत्या